एक सदस्य वगळता

हिराजीशेठ, तुमच्या दहाव्याला मी आले नाही. कळंबोलीपर्यंत रिक्षाने आले, पुलाखाली उतरले आणि परत फिरले. घरी सांगितलं, ट्रॅफिक होतं. ट्रॅफिक तिथे रोजचंच, आणि त्यातलं निम्मं तुमच्याच लोकांच्या ट्रकचं. खरं कारण वेगळं होतं. तुमच्या माणसांपुढे हात जोडून उभं राहायचं तर नजर वर करावी लागते, आणि माझ्या पर्समध्ये तो कागद होता. तुमचं मत ज्यात नाही, तो.

काल सभा झाली. म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘म्याडम, थोडक्यात बोला, मना यार्डात जायचं हाय.’ थोडक्यात मला जमत नाही, हे दोन वर्षांत तुम्हाला कळलंच होतं.

दोन वर्षंच झाली आपल्या ओळखीला. आणि ओळख कसली, भांडणच. बेलापूरच्या त्या ऑफिसात आपली समिती बसायची. न्हावा शेव्याला जहाजातून उतरलेला नेपाळचा माल ट्रकने थेट नेपाळात कसा पोचवायचा, त्याचे नियम ठरवायला. मी सदस्य सचिव, म्हणजे कागद फिरवायचे, सभेत कोण काय बोललं ते लिहायचं. तुम्ही ट्रकमालकांच्या संघटनेचे प्रतिनिधी. पहिल्याच दिवशी काखेत रेक्झिनची एक काळी उशी घेऊन आलात आणि सरकारी खुर्चीवर टाकून तिच्यावर बसलात. मी बघत राहिले. तुम्ही म्हणालात, ‘चाळीस वर्सं ट्रकच्या सीटवर काढली, कंबर गेली. तुमची खुर्ची चांगली हाय, पन ती फक्त दिसायला.’ मला हसू आलं होतं. मी ते दाखवलं नाही, कारण माणसं लवकर सलगी करतात असा माझा अनुभव आहे. तुम्ही केली नाहीत. म्याडम ते म्याडमच राहिले शेवटपर्यंत.

आपला वाद एका ओळीत मावणारा होता. नेपाळचे ट्रक आपल्या बंदरापर्यंत येऊ द्यायचे की नाही. आपल्या बाजूचं म्हणणं, नाही. माल आपल्या ट्रकने सीमेवरच्या नाक्यापर्यंत जाईल, तिथे उतरेल, तिथून त्यांच्या ट्रकमध्ये चढेल. काम आपल्या माणसांना, रस्ता आपला, नजर आपली. त्यांचं म्हणणं, उतरव-चढव करताना माल फुटतो, दिवस जातात, आणि आमच्या देशाला समुद्र नाही, तर निदान समुद्रापर्यंत आमच्या चाकांवर येऊ द्या.

मी आपल्या बाजूची. आजही आहे. एकदा दिलेली सवलत परत घेता येत नाही, घ्यायला गेलं की दोन देशांत कडूपणा येतो. आपल्या ड्रायव्हरांच्या हातचं काम जातं. शिवाय परक्या गाडीतून काय आलं आणि काय गेलं, हे दीड हजार किलोमीटर बघत बसणार कोण? हे सगळं मी तुम्हाला सभेत ऐकवलं, सभेनंतर चहाच्या टपरीवर ऐकवलं, फोनवर ऐकवलं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, ‘दार अर्धं उघडून पाव्हन्याला हुबा केला, तं तो दुसऱ्या घरी जातो. त्याला तिकडून बी बोलवनारे हायेत.’ नेपाळच्या उत्तरेला कोण बसलंय, ते आपल्या दोघांनाही माहीत होतं.

गंमत अशी की तुम्ही ज्यांचे प्रतिनिधी, ते सगळे ट्रकमालक माझ्या बाजूचे. तुमचा सख्खा पुतण्या निलेशसुद्धा. तुम्हीच तेवढे पलीकडे. मी एकदा वैतागून विचारलं, ‘शेठ, तुम्ही नक्की कोणाचे?’ तुम्हाला ते लागलं. त्या दिवशी चहा अर्धाच ठेवून गेलात.

त्याचं उत्तर तुम्ही नंतर दिलंत. बंदर बघून आपण तुमच्या गाडीतून परत येत होतो. वाटेत तुमच्या गावापाशी गाडी थांबवलीत आणि एक लांबलचक भिंत दाखवलीत. ‘तिच्या पल्याड आमची खाडी.’ तुमच्या लहानपणी घरापासून खाडीवर पाच मिनिटांची पायवाट होती. मग शहर आलं, मोठा रस्ता आला, भिंत आली. भिंतीला गेट, गेटवर वॉचमन, वॉचमनकडे रजिस्टर. नाव, वेळ, कामाचं कारण.

‘बापाला माझ्या इचारला, कारन काय लिवू,’ तुम्ही सांगत होतात. ‘बाप बोलला, होडी हाय माझी तिकडं, आनि काय कारन पायजे? त्यानं लिवलं, खाजगी काम.’ तुम्ही हसलात. मग म्हणालात, ‘दोन वर्सं बाप सही करून खाडीवर गेला. मंग होडी इकली.’

रडगाणं तुम्ही कधी गायलं नाहीत. देशाला बंदर हवं होतं, हे तुम्हाला मान्य होतं. त्याच बंदरावर तुमचा पहिला ट्रक लागला, घर उभं राहिलं, हेही तुम्हीच सांगायचात. त्या दिवशी एवढंच म्हणालात, ‘देशाचा फायदा बोलतात ना म्याडम, तो कुनाच्या तरी अंगनातून जातो. आमच्या गेला. म्हनून त्या नेपाळच्या मानसाला मी गेटवर हुबा करनार नाय.’

आणि मी काय म्हणाले? ‘शेठ, देश म्हणजे तुमची खाडी नव्हे.’

खारघरला माझ्या सोसायटीपाशी तुम्ही मला उतरवलंत, काच खाली केलीत आणि नेहमीसारखं ‘सांभाळून जा’ म्हणालात. मी मान डोलावली. ते वाक्य परत घ्यायचं राहून गेलं. रोज वाटायचं, पुढच्या वेळी बोलू. तुमच्याशी भांडायला मला नेहमी वेळ होता, हे बोलायला तेवढा नव्हता.

मग समितीने ठरवलेली चाचणीची गाडी निघाली. नव्या मार्गावरून पहिला ट्रक, तोही तुमचाच, आणि डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना ड्रायव्हरच्या शेजारी तुम्ही. ट्रकमध्ये मशीनच्या पेट्या, वर ताडपत्री, ताडपत्रीच्या दोरातून ओवलेली कस्टमची तार आणि तारेला सील. ते सील सीमेपर्यंत अखंड दिसलं तर पेट्या न उघडता माल पुढे, नाहीतर नाही. हा नियम मी तुम्हाला तीनदा वाचून दाखवला होता. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, ‘म्याडम, मी काय पयलीत हाय का?’

आणि केलंत काय? वाटेत एका ढाब्यावर जेवून उठलात, हात धुतलेत आणि ट्रकभोवती एक फेरी मारलीत. लोक जेवणानंतर बडीशेप खातात, तसे तुम्ही चाळीस वर्षं जेवणानंतर दोर आवळत आला होतात. दोर सैल दिसला, पाय चाकाला लावलात आणि आवळलात. तार तुटली.

तुमचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. ‘म्याडम, सील तुटला.’

‘कोणी तोडलं?’

‘मीच.’

मी म्हटलं, ‘शेठ, हे कोणाला बोलू नका. रस्ता खराब आहे, धक्क्याने तुटलं म्हणून सांगा. आपल्या देशाची पहिली गाडी आहे ती, नाक कापलं जाईल.’

मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. तुम्ही म्हणालात, ‘नाक माझं हाय म्याडम, माझं मना बघू द्या.’ आणि फोन ठेवलात.

सीमेवर नेपाळच्या बाजूला गुरुंगजी होते, त्यांच्या समितीतले. तुम्ही सरळ त्यांच्यापुढे जाऊन सांगितलंत की सील मी तोडलं, सवयीने तोडलं, ड्रायव्हरची चूक नाही. त्यांनी नियमाप्रमाणे सगळ्या पेट्या उतरवल्या, उघडल्या, मोजल्या. दोन दिवस गाडी उभी. इथे बेलापुरात आम्ही चिडून लाल. मित्रदेश म्हणवतात आणि आपल्या गाडीवर संशय घेतात, वगैरे. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. तुम्ही परत आलात आणि भर सभेत म्हणालात, ‘त्यांनी उघडली ते बरोबर केलं. सील तुटलेली गाडी मी तरी सोडली असती काय?’ मला इतका राग आला होता तुमचा, शेठ. आपल्याच माणसाने परक्यांसमोर आपल्याला उघडं पाडलं असं वाटलं.

पण पुढच्या संयुक्त बैठकीत गुरुंगजी सगळ्यांना ओलांडून तुमच्या शेजारी येऊन बसले. हिंदीतून म्हणाले, ‘शेठजी जो बोलेंगे, उस पर हम भरोसा करेंगे.’ आपल्या अध्यक्षांच्या कपाळावर आठी आली. माझ्याही आली असेल. दोन वर्षं आम्ही मसुदे लिहिले आणि भरवसा मिळवला तो एका तुटलेल्या तारेने.

त्यानंतर ती सभा. आपलीच, नेपाळची माणसं नसलेली, आपली भूमिका पक्की करायला बोलावलेली. सगळे म्हणाले, परके ट्रक सीमेपर्यंतच. तुम्ही उभे राहिलात. म्हणालात, पहिलं एक वर्ष ठरावीक गाड्या बंदरापर्यंत येऊ द्या, त्या येताना-जाताना रिकाम्या नसाव्यात, आणि तेवढ्याच आपल्या गाड्या त्यांच्या राजधानीपर्यंत जाऊ द्या. ‘वर्सानं बघू. नाय जमलं तं बंद करू. पन माझा इरोध आज लिवून ठेवा.’ मी लिहिलं. माझ्या कच्च्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं.

आणि पक्कं इतिवृत्त टाइप करताना लिहिलं, ‘सर्वानुमते ठरले.’

कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनी नाही, वरून नाही. समोर दुसरा देश बसणार, तर आपण एका तोंडाने बोललं पाहिजे, असं मीच ठरवलं. एका माणसाच्या हट्टापायी देशाची बाजू लुळी कशाला दिसू द्यायची? हे मी देशासाठी केलं, असं मला त्या दिवशी मनापासून वाटत होतं. त्यात तुमच्यावर मात केल्याचं थोडं सुखही होतं. ते मी आज कबूल करते.

कागद हातात पडल्याबरोबर तुम्ही ऑफिसात आलात. उशी आणली नव्हती, म्हणजे बसायला आला नव्हतात. ‘यात मी कुठं हाय?’

मी म्हटलं, ‘अहो शेठ, पुढच्या सभेत पहिला विषय इतिवृत्त कायम करायचाच असतो. तेव्हा हरकत घ्या, मी दुरुस्ती करते. रीतच आहे तशी.’

‘पुढची सभा कवा?’

‘पंधरा दिवसांनी.’

‘पंधरा दिसांत मानूस मरतो, म्याडम.’

‘काहीतरी बोलू नका,’ मी म्हटलं आणि दुसरी फाइल उघडली. तुम्ही दारात थांबलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘तुमी मना नाय म्हना, चालंल. मी “नाय” बोललोच नाय, असं लिवू नका.’

नवव्या दिवशी यार्डात खुर्चीवर बसल्या बसल्या तुम्ही गेलात.

माझ्यावर रागावून गेलात का, हे मी कोणाला विचारू? तुमच्या घरी विचारता येत नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी तुम्हाला माझ्या टेबलापुढे उभं राहावं लागलं, आणि मी तुम्हाला रीत सांगितली. त्या वॉचमनने तुमच्या वडिलांना सांगितली तीच.

तुमच्या जाण्याने सभा दहा दिवस पुढे गेली. तिच्या तीन दिवस आधी अध्यक्षांचा फोन आला. हिराजीशेठच्या जागी निलेश येतोय, वातावरण दुःखाचं आहे, तेव्हा इतिवृत्त पटकन कायम करून पुढे जाऊ. तुमचा विरोध त्यांना आठवत होता आणि आठवायचा नव्हता, हे त्यांच्या आवाजावरून कळलं. दुसऱ्या दिवशी निलेश स्वतः आला. त्याने स्पष्टच काढलं. ‘मॅडम, काकांच्या फोटोपुढे सगळी संघटना उभी होती. आता कळलं की ते नेपाळवाल्यांच्या बाजूने बोलले, तर काकूला लोक काय म्हणतील? तुम्ही लिहिलंय ते बरोबर लिहिलंय. गेलेल्या माणसाचं चांगलंच राहू द्या.’

शेठ, मला ते फार सोयीचं वाटलं. माझी चूक आणि तुमची इज्जत एकाच शब्दाखाली झाकली जात होती. दोन दिवस मी स्वतःला पटवत राहिले की हे तुमच्याच भल्याचं आहे. कच्ची वही कपाटात खाली, जुन्या फायलींच्या मागे ठेवली. काल सकाळी निघताना तीच शोधायला तासभर लागला. बस चुकली.

सभेत आधी तुमच्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. शोकप्रस्ताव सर्वानुमते मंजूर झाला. मग अध्यक्ष म्हणाले, ‘विषय एक, मागील इतिवृत्त कायम करणे. कोणाची हरकत?’ निलेश तुमच्या खुर्चीवर बसला होता. तुमची उशी त्याने सोबत आणली होती, पण तिच्यावर न बसता भिंतीला टेकवून ठेवली होती. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, ‘हरकत आहे. माझी.’

अध्यक्षांनी चष्मा काढला. मी म्हटलं, ठराव सर्वानुमते झालेला नाही, एका सदस्याने विरोध नोंदवायला सांगितला होता, हिराजीशेठने. निलेश उठलाच. ‘काका असं कधी बोलले नाहीत. घरी नाही, बाहेर नाही. तुम्ही गेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालताय.’ मी बाकीच्यांकडे पाहिलं. त्या सभेत हजर असलेले सगळे जण कागदांत डोकं घालून बसले होते. कोणाला काही आठवत नव्हतं.

मी वही टेबलावर ठेवली, पान उघडून. ती हातोहात फिरली. फिरून अध्यक्षांकडे आली तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘हे तुमचंच अक्षर आहे. मग तुम्ही सर्वानुमते का लिहिलंत?’

त्या क्षणी माझ्याकडे तीन-चार तयार उत्तरं होती. गडबड झाली, टाइप करताना राहिलं, मसुदा चुकून गेला. रस्त्यात खड्डे होते, धक्क्याने तुटलं. मला ढाब्यावरचे हॉर्न ऐकू आले, देवाशप्पथ.

‘कारण मला ते तसं हवं होतं,’ मी म्हटलं. ‘मीच केलं. कोणाची चूक नाही.’

अध्यक्षांनी दुरुस्ती सांगितली आणि मी सगळ्यांसमोर हाताने लिहिली. ‘एक सदस्य वगळता.’ पुढे तुमचं नाव आणि तुमच्या तिन्ही अटी. भूमिका आता एकमताची राहिली नाही, त्यामुळे नियमाप्रमाणे तुमचा मुद्दाही फाइलसोबत वर जाईल. काय होईल ते माहीत नाही. बहुतेक नाही म्हणतील. मला सांगितलंय की पुढच्या सभेपासून इतिवृत्त दुसरं कोणीतरी लिहील. त्यांचं चूक नाही. सील तोडणाऱ्याची गाडी उघडून बघतातच.

लिफ्टपाशी निलेश उभा होता. हातात तुमची उशी. मला वाटलं, आता शिव्या खायच्या. तो उशीची फाटकी शिवण चाचपत म्हणाला, ‘मला पण सांगितलेलं त्यांनी. जेवताना. मी ताटावरून उठून गेलो. त्यानंतर आम्ही बोललोच नाही.’ लिफ्ट आली. तो आत गेला नाही, मीही गेले नाही. मग आम्ही दोघं जिन्याने उतरलो. खाली आल्यावर तो म्हणाला, ‘घरी या एकदा. काकूला सांगा ते काय बोलले होते. मला नाही जमणार.’

येत्या रविवारी जाणार आहे. पुलाखालून परत फिरणार नाही.

खाडीबद्दल मी जे बोलले, ते मागे घेते. उशीर झालाय, पण घेते. मात्र ट्रकच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही, शेठ. काल रात्रभर मी तुमच्या एकेका मुद्द्यावर उत्तर शोधत होते, आणि दोन सापडलीही. चांगली आहेत. ऐकवायला कोणी नाही.

पण तुम्ही आता नाही म्हणून आपलं एकमत झालं, असं मी लिहिणार नाही.